साता समुद्रांपलीकडचा जामीनदार

जामीन ही गोष्ट आपल्या खेड्यापाड्यांत कोणाला समजावून सांगावी लागत नाही. सोसायटीचे कर्ज असो, पतसंस्थेचे असो की बँकेचे असो, अर्जाबरोबर जामीनदारांच्या सह्या लागतात. आणि त्या सह्यांसाठी कोणाकोणाच्या ओसरीवर जाऊन बसावे लागते, हे प्रत्येक शेतकऱ्याच्या घराला ठाऊक असते. परंतु लग्न झालेल्या मुलीला आपल्या नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यासाठीही जामीनदार लागतो, असे कोणी सांगितले तर आपला विश्वास बसणार नाही. मात्र नवरा अमेरिकेत राहणारा असेल आणि त्याची मिळकत ठरावीक रकमेहून कमी असेल, तर असा जामीनदार खरोखरच शोधावा लागतो. तो कोण असू शकतो, त्याला काय काय सिद्ध करावे लागते आणि सही करून तो नेमके कोणते ओझे शिरावर घेतो, याची माहिती या लेखात देण्याचा विचार आहे.

हा विषय माझ्या अभ्यासक्रमातला नाही. तो माझ्याकडे आला तो नात्यातून. माझ्या मावसबहिणीचे, जिला मी ताई म्हणते, दोन वर्षांपूर्वी लग्न झाले. दाजी मूळचे आमच्याच तालुक्यातले. लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत गेले आणि पुढे तेथले नागरिक झाले. त्यांचे वडील वारले, आई गावी परत आली. दाजी मात्र तेथेच राहिले. दिवसा शिक्षण आणि संध्याकाळी एका दुकानात नोकरी असा त्यांचा क्रम आहे. ताईने बारावीनंतर शिवणकामाचा कोर्स केला. लग्न होऊन ती अजून मावशीकडेच आहे, कारण तिची कागदपत्रे पूर्ण व्हायची आहेत. मावशीच्या आणि आमच्या अशा दोन्ही घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजीत कोणताही कागद आला की तो माझ्यापुढे येतो. मग ते विजेचे बिल असो की अमेरिकेचे सरकारी पत्र! हा एक कागद वाचता वाचता मी त्या विषयात बरीच खोल गेले. आपल्या भागातल्या आणखीही काही घरांना हे उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

प्रथम या नियमाचे मूळ पाहू. परदेशातून येणारा माणूस आपल्या सरकारवर भार होऊ नये, ही अमेरिकेची जुनी काळजी आहे. स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्या आणि सरकारी मदतीवर जगण्याचा संभव असणाऱ्या माणसाला बंदरावरूनच परत पाठवावे, अशी तरतूद तेथील १८८२ च्या कायद्यातच होती. पुढे अशा माणसांसाठी तेथल्या नातेवाइकांकडून हमीपत्र घेण्याची पद्धत पडली. पण त्या हमीपत्राला फारसा अर्थ नव्हता. ती केवळ नैतिक बांधिलकी आहे, तिच्यावरून पैसे वसूल करता येत नाहीत, असे तेथील अनेक न्यायालयांनी ठरवले होते. म्हणून १९९६ साली तेथील काँग्रेसने नवा कायदा करून या हमीपत्राला कराराचे स्वरूप दिले. १९ डिसेंबर १९९७ पासून हे नवे हमीपत्र लागू झाले. त्याचा नमुना क्रमांक आय-८६४. तेथे असलेली आपली माणसे त्याला नुसते ‘आठशे चौसष्ट’ म्हणतात. आपण जसे ‘सातबारा’ म्हणतो तसे.

आता कामाचा क्रम सांगते. अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आपल्या पत्नीसाठी वा पतीसाठी प्रथम आय-१३० हा अर्ज करतो. लग्न खरे आहे, हे त्यात दाखवायचे असते. तो मंजूर झाला की प्रकरण त्यांच्या राष्ट्रीय व्हिसा केंद्राकडे जाते. तेथे पैशाची बाजू तपासली जाते आणि नंतर मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत होते. पहिला टप्पा लग्नाचा आणि दुसरा पैशाचा. नागरिकाच्या पत्नीसाठी व्हिसांच्या संख्येची वार्षिक मर्यादा नसते, त्यामुळे तिला त्या रांगेत उभे राहावे लागत नाही. पण पैशाचा टप्पा कोणालाच चुकत नाही.

पैशाची अट अशी की, नवऱ्याची वार्षिक मिळकत तेथील सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या निदान सव्वापट असली पाहिजे. नवरा तेथील सैन्यात प्रत्यक्ष सेवेत असेल तर दारिद्र्यरेषेइतकी मिळकत पुरते. ही रेषा सर्वांना सारखी नसते. घरात माणसे किती, त्यावर ती ठरते आणि दरवर्षी बदलते. २०२५ सालच्या तक्त्याप्रमाणे दोन माणसांच्या घराची रेषा २१,१५० डॉलर होती. तिची सव्वापट म्हणजे २६,४३७ डॉलर. तीन माणसांना ३३,३१२, चौघांना ४०,१८७ आणि पाच जणांना ४७,०६२ डॉलर. अलास्का आणि हवाई या दोन राज्यांचे आकडे याहून जास्त असतात. ज्या वर्षी सही करायची त्या वर्षीचा तक्ता पाहणे हे पहिले काम.

घरातली माणसे मोजण्याचीही एक रीत आहे. हमी देणारा स्वतः, त्याची बायको, एकवीस वर्षांखालची अविवाहित मुले, त्याने करपत्रकात आपल्यावर अवलंबून म्हणून दाखवलेली इतर माणसे, पूर्वी कोणासाठी असेच हमीपत्र दिले असेल आणि ते अजून चालू असेल तर ती माणसे, आणि आता ज्याच्यासाठी हमी द्यायची तो. दाजींच्या बाबतीत हिशेब सोपा होता. दाजी एक आणि ताई दुसरी. लागणारी रक्कम २६,४३७. दाजींची मिळकत १९,०००. तूट ७,४३७ डॉलरची. ही तूट पाहून मावशी म्हणाली, “सात हजारच ना? मग पुढच्या वर्षी भरून काढतील की!” पण पूर्ण वेळ नोकरी धरायची तर शिक्षण सोडायचे आणि शिक्षण पुरे करायचे तर आणखी दोन वर्षे थांबायचे, असा तो पेच होता.

तूट भरून काढण्याचे तीन मार्ग कायद्याने ठेवले आहेत.

पहिला मार्ग घरातल्या माणसाचा. हमी देणाऱ्याच्याच घरात राहणारे त्याचे आईवडील, भाऊबहीण किंवा सज्ञान मूल यांची मिळकत त्याच्या मिळकतीत मिळवता येते. त्यासाठी त्या माणसाला आय-८६४ए या वेगळ्या नमुन्यावर सही करावी लागते. दाजी एकटेच राहत असल्याने हा मार्ग बंद होता.

दुसरा मार्ग मालमत्तेचा. बँकेतील ठेव, शेअर, जमीन, घर असे जे काही एका वर्षाच्या आत रोख रकमेत बदलता येईल, ते दाखवता येते. पण तुटीच्या पाचपट मालमत्ता लागते. नागरिकाच्या पत्नीसाठी किंवा पतीसाठी सवलत आहे. तेथे तिप्पट पुरते. म्हणजे दाजींना ७,४३७ च्या तिप्पट, २२,३११ डॉलरची मालमत्ता दाखवावी लागली असती. विशेष म्हणजे यात जाणाऱ्या मुलीची स्वतःची मालमत्ताही धरतात, मग ती भारतात का असेना. मात्र तो पैसा कायदेशीरपणे देशाबाहेर नेता आला पाहिजे. हे वाचून काकांच्या, म्हणजे ताईच्या वडिलांच्या, जिवात जीव आला. ते म्हणाले, “माझी चार एकर जमीन आहे, तिचा उतारा जोडा.” पण जमीन काकांच्या नावावर आहे, ताईच्या नाही. उताऱ्यावर मुलीचे नाव नाही, म्हणून मुलीची मालमत्ता शून्य! आपल्याकडे मुलीच्या नावावर काही ठेवण्याची रीत असती तर हा लेख येथेच संपला असता.

तिसरा मार्ग म्हणजे संयुक्त प्रायोजक, ज्याला मी या लेखात जामीनदार म्हणत आहे. हा मार्ग बहुतेकांना ऐकून माहीत असतो, पण त्याच्या अटींविषयी फार गैरसमज आहेत. म्हणून त्या एकेक करून सांगते.

जामीनदार अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असला पाहिजे, त्याचे वय निदान अठरा वर्षे असले पाहिजे आणि त्याचे कायमचे राहणे अमेरिकेत असले पाहिजे. दाजींचा पुण्याकडचा एक मित्र तेथे संगणकाच्या कंपनीत आहे. त्याचा पगार दाजींच्या कितीतरी पट. तो आनंदाने सही करायला तयार झाला. परंतु तो एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या परवान्यावर आहे, आणि अशा माणसाची सही चालत नाही, मग त्याचा पगार कितीही असो. याच कारणाने भारतातले काकाही जामीनदार होऊ शकत नाहीत.

जामीनदार नातेवाईकच असला पाहिजे अशी मात्र अट नाही. शेजारी, मित्र, ओळखीचे गृहस्थ, कोणीही चालतो. आपल्याकडे नेमका उलट समज आहे.

जामीनदाराची मिळकत नवऱ्याच्या मिळकतीत मिळवता येत नाही. त्याने स्वतःच्या बळावर संपूर्ण सव्वापटीची अट पुरी केली पाहिजे. दाजींना सात हजार कमी पडतात म्हणून सात हजारांची हमी देणारा शोधायचा, असे चालत नाही. तूट कितीही लहान असली तरी जामीनदार पुरा लागतो. शिवाय जाणारे माणूस एकच असेल तर जामीनदारही एकच. दोघांची अर्धी अर्धी मिळकत जोडता येत नाही. बायकोबरोबर मुलेही जाणार असतील तर मात्र दोन जामीनदारांमध्ये ती माणसे वाटून घेता येतात.

जामीनदाराच्या घरातली माणसे मोजताना त्याचे स्वतःचे कुटुंब आणि जाणारे माणूस एवढेच धरायचे. नवरा त्यात धरत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जामीनदार मिळाला म्हणून नवरा सुटत नाही. त्याची मिळकत शून्य असली तरी त्याला स्वतःचे आय-८६४ भरावेच लागते. तसेच नवऱ्याचे स्वतःचे राहणे अमेरिकेत असले पाहिजे, किंवा निदान बायकोबरोबर तो तेथे कायमचा परत जाणार आहे हे त्याने दाखवले पाहिजे. ही उणीव कोणताही जामीनदार भरून काढू शकत नाही. जे नागरिक बरीच वर्षे भारतात येऊन राहिले आहेत त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

या सर्व अटी लावून पाहिल्यावर दाजींचे सख्खे मामा समोर आले. मामा तेथले नागरिक आहेत. घरात मामा, मामी आणि दोन मुले. चार आणि ताई मिळून पाच; म्हणजे लागणार ४७,०६२ डॉलर. मामांची मिळकत पन्नास हजारांच्या थोडी वर. हिशेब बसत होता. मामा लगेच हो म्हणाले. पण मामींनी मला फोनवर बोलावून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “अगं, तू सगळं वाचलंयस म्हणे. मग मला एवढंच सांग, उद्या या दोघांचं पटलं नाही, तर आम्ही जन्मभर बांधले गेलो का?”

प्रश्न ऐकून मावशीला वाईट वाटले. मला मात्र तो प्रश्न अगदी रास्त वाटला, कारण आमच्या घराने जामिनाचा अनुभव घेतला आहे. मी प्राथमिक शाळेत असताना आमच्या अण्णांनी एका स्नेह्यासाठी पतसंस्थेत जामीन म्हणून सही केली होती. हप्ते थकले आणि नोटीस आमच्या दारात आली. दोन वर्षे आमच्या दुधाच्या बिलातून रक्कम कापली जात होती. अण्णा कोणाला बोलले नाहीत, एवढेच म्हणत, “सही दोन बोटांची, फेड दोन वर्षांची.” कॉलेजात आल्यावर मला कळले की यात नियमाबाहेरचे काही नव्हते. आपल्या १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. अमेरिकेच्या या हमीपत्रातही तोच न्याय आहे. नवरा आणि जामीनदार दोघेही पूर्ण रकमेला जबाबदार असतात. नवऱ्याला आधी गाठा आणि मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही.

पण दोन्ही जामिनांत एक मोठा फरकही आहे. पतसंस्थेच्या जामिनात रक्कम ठरलेली असते आणि कर्ज फिटले की जामीन सुटतो. येथे रक्कमही ठरलेली नाही आणि मुदतही ठरलेली नाही. जामीनदार वचन देतो ते असे की, आलेल्या माणसाची मिळकत दारिद्र्यरेषेच्या सव्वापटीखाली जाऊ देणार नाही. त्या माणसाने गरिबांसाठीची ठरावीक सरकारी मदत घेतली, तर ती देणारे खाते जामीनदाराकडे पैसे मागू शकते. इतकेच नव्हे तर आलेले माणूस स्वतःही जामीनदारावर दावा लावू शकते.

हे वचन केव्हा संपते? आलेले माणूस अमेरिकेचे नागरिक झाले म्हणजे. किंवा त्याच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या जमा झाल्या म्हणजे. किंवा ग्रीन कार्ड सोडून ते देशाबाहेर कायमचे निघून गेले म्हणजे. किंवा ते वारले म्हणजे. जामीनदार वारला तरी पुढची जबाबदारी संपते. या यादीत घटस्फोट कोठेही नाही. मामींच्या प्रश्नाचे खरे उत्तर तेच होते. घटस्फोटाने लग्न संपते, जामीन संपत नाही. २०१२ साली तेथील सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने असाही निर्णय दिला की, घटस्फोटानंतर हमीचे पैसे मागणाऱ्या पत्नीने आधी नोकरी शोधलीच पाहिजे असे बंधन या कायद्यात नाही.

हे सर्व मी मामींना जसेच्या तसे सांगितले. मावशी माझ्याकडे डोळे वटारून पाहत होती. तिचे म्हणणे होते की मी थोडे गोड करून सांगायला हवे होते. परंतु अण्णांना त्या वेळी कोणी पूर्ण सांगितले असते तर बरे झाले असते, असे मला नेहमी वाटत आले आहे. ज्याच्याकडून सही घ्यायची त्याच्यापासून शेवटचे कलम लपवून ठेवायचे, ही कोठली रीत?

अर्थात दुसरी बाजूही मी सांगितली, आणि ती तितकीच खरी आहे. सहीमुळे जामीनदाराच्या घरावर बोजा चढत नाही, बँकेतून रक्कम कापली जात नाही. आलेले माणूस ग्रीन कार्डावर तेथे उतरेपर्यंत जबाबदारी सुरूच होत नाही. आणि व्हिसा मिळण्यापूर्वी लेखी कळवून जामीनदाराला माघारही घेता येते. १९९६ च्याच दुसऱ्या एका कायद्याने नव्याने आलेल्या बहुतेक ग्रीन कार्डधारकांना पहिली पाच वर्षे गरिबांसाठीच्या मुख्य केंद्रीय मदत योजना बंद आहेत. त्यामुळे सरकारी मदतीचा भार पहिल्याच वर्षी अंगावर येईल ही भीती बरीचशी अनाठायी आहे. शिवाय नागरिकाबरोबर संसार करणाऱ्या पत्नीला ग्रीन कार्ड मिळाल्यावर तीन वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. इतरांना पाच वर्षे लागतात. कामाच्या तिमाह्यांचे गणितही फार अवघड नाही. २०२५ साली १,८१० डॉलर कमावले की एक तिमाही जमा होत असे आणि वर्षाला जास्तीत जास्त चार. एकट्याच्या कमाईवर चाळीस व्हायला दहा वर्षे लागतात. मात्र लग्न टिकून असेल तर लग्नानंतरच्या काळातल्या नवऱ्याच्या तिमाह्याही पत्नीच्या हिशेबात धरतात. म्हणून जामीन लवकर सुटणे हे पुष्कळसे आलेल्या मुलीच्या हातात असते.

मामींनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी असा मुद्दा काढला की जो माझ्याही लक्षात आला नव्हता. मामांना आपल्या म्हाताऱ्या आईला पुढच्या वर्षी तिकडे न्यायचे आहे. तिच्यासाठीही हेच हमीपत्र लागणार. आज ताईसाठी सही केली तर तोवर ताई मामांच्या घरातली एक म्हणून मोजली जाणार. मग आजी सहावी. सहा माणसांना २०२५ च्या तक्त्याप्रमाणे ५३,९३७ डॉलर. तेवढी मामांची मिळकत नाही. ताईसाठी सही केली नाही तर आजी पाचवी आणि हिशेब बसतो. म्हणजे प्रश्न मन मोठे असण्याचा नव्हताच. एका सहीने सुनेला आणता येत होते, पण आईची वाट बंद होत होती. मामींनी नकार दिला आणि मावशीच्या घरी चार दिवस कोणी नीट जेवले नाही. परंतु कोणी मामींना दोष दिला तर मी तो मान्य करणार नाही. वकिलाला सुचला नसता असा हिशेब त्या माउलीने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या केला!

पुढे उत्तर सापडले ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. दाजी जेथे राहतात तेथल्या गणेशोत्सवात त्यांची एका वृद्ध काकूंशी ओळख होती. काकू पूर्वी तेथल्या रुग्णालयात परिचारिका होत्या. आता निवृत्त आहेत. मुले नाहीत, यजमान वारलेले. श्रीमंत म्हणावे असे त्यांच्याकडे काही नाही. पण निवृत्तिवेतनही मिळकतीत धरले जाते, आणि काकूंच्या घरात माणूस एकच. एक काकू आणि एक ताई मिळून दोन. लागणार फक्त २६,४३७ डॉलर, आणि काकूंना मिळतात त्याहून जास्त. जामीनदार शोधताना आपण मोठा पगार पाहतो. पाहायला हवे ते पगार आणि घरातली माणसे यांचे प्रमाण. चार मुलांच्या डॉक्टरपेक्षा एकट्या निवृत्त परिचारिकेची बाजू कधी कधी भक्कम असू शकते.

काकूंना दाजींनी सर्व समजावून सांगितले आणि विचार करायला महिनाभर मुदत दिली. मग त्यांचा ताईला फोन आला. त्या म्हणाल्या, “सही मी करते. पण एक सांगते, मुली. मी या देशात आले तेव्हा माझ्यासाठीही कोणीतरी उभं राहिलं होतं. तू येऊन घरात बसू नकोस. इंग्रजी शीक, काम धर, नागरिक हो. तू स्वतःच्या पायावर उभी राहिलीस की मी मोकळी.” तेव्हापासून ताई रोज संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. माझे इंग्रजी बेताचेच, पण शिकवताना माझेही सुधारत आहे.

जामीनदाराला कोणते कागद द्यावे लागतात तेही थोडक्यात सांगते. त्याने स्वतंत्र आय-८६४ भरायचे. त्याला आपल्या नागरिकत्वाचा किंवा ग्रीन कार्डाचा पुरावा, सर्वांत अलीकडच्या वर्षाच्या केंद्रीय करपत्रकाची प्रत आणि नोकरी असल्यास मालकाचे पत्र व पगाराच्या पावत्या जोडायच्या. मागच्या वर्षी मिळकत कमी असून आता नोकरी चांगली लागली असेल, तर चालू मिळकत मुख्यतः पाहिली जाते. कागद अपुरे असले तर मुलाखतीनंतर व्हिसा रोखून ठेवतात आणि पुरवणी कागद मागतात. तो कायमचा नकार नसतो, पण त्यात महिने जातात. पुढे जामीनदाराने घर बदलले तर तीस दिवसांच्या आत नवा पत्ता कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. पैसे घेऊन अनोळखी माणसाची सही मिळवून देतो, असे सांगणारे मध्यस्थ भेटले तर त्यांच्यापासून दूर राहावे. हे पत्र खोटे ठरल्यास शिक्षा होईल, या अटीवर सही केलेले असते. त्यात खोटेपणा निघाला तर मुलीचा संसार सुरू होण्याआधीच मोडेल.

अशी अट एकट्या अमेरिकेचीच आहे असे नाही. इंग्लंडने पत्नीला वा पतीला आणू पाहणाऱ्यासाठी २०१२ साली वर्षाला १८,६०० पौंडांची अट घातली आणि एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी ती २९,००० पौंड केली. तेथे तर तिऱ्हाइताचे आश्वासन मिळकत म्हणून साधारणपणे धरतच नाहीत. त्या मानाने अमेरिकेचा कायदा कडक असला तरी त्याने एक दार उघडे ठेवले आहे. पाहुणे आपल्या दारात उपाशी पडू नये ही देशाची काळजी मी समजू शकते. पण कमी मिळकतीच्या माणसाने लग्न केले तर त्याने बायकोपासून दूर राहावे, हे मनाला पटत नाही. आपल्याकडे कितीतरी संसार याहून कमी पैशांत उभे राहिले आहेत, हे आपण पाहतोच.

तात्पर्य इतकेच की, अशा लग्नाची बोलणी चालू असतानाच वधूपक्षाने तीन प्रश्न विचारावेत. मुलगा नागरिक आहे, ग्रीन कार्डधारक आहे की तात्पुरत्या परवान्यावर आहे? त्याची वर्षाची मिळकत किती आणि घरात माणसे किती? आणि कमी पडल्यास जामीनदार कोण? आपण हुंडा, मानपान आणि पत्रिकेतले गुण यांची चौकशी तासन्‌तास करतो. या तीन प्रश्नांना पाच मिनिटे पुरतात. आणि जामीनदाराकडे जाताना पत्रातली सगळी कलमे बरोबर घेऊन जावे. ऐकून जो नाही म्हणेल त्याच्याशी नाते तोडू नये. जो हो म्हणेल त्याची सही ही आपल्यावरची उधारी आहे असे समजावे, आणि ज्या मुलीसाठी ती झाली तिने ती उधारी शक्य तितक्या लवकर फेडावी.

— द्वितीय वर्ष, कला शाखा